आठ कोटींची थकबाकी

लाओसला पहिल्यांदा जाणारा प्रवासी बहुतेकदा एक ठरावीक मत घेऊन परततो: देश गरीब, पण माणसं समाधानी, कुणाला कसली घाई नाही. शिएंग खुआंग प्रांतात तर ते मत पक्कंच होतं. तिथे बॉम्बची रिकामी टरफलं कुंपणाला खांब म्हणून उभी असतात. बान नाफिया गावात युद्धातलं ॲल्युमिनियम भट्टीत वितळवून, लाकूड आणि राखेच्या साच्यांत ओतून त्याचे चमचे करतात. पाहुणा कल्पकतेला दाद देतो, चार चमचे विकत घेतो. ही दाद खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या संथपणातला किती भाग स्वभावाचा आणि किती भीतीचा, हे शेतात चालणारं बॉम्बशोधाचं काम पाहिल्याशिवाय कळत नाही.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या सुमारे २७ कोटी ‘बॉम्बीं’पैकी आठ कोटी फुटल्याच नाहीत, असा अंदाज आहे. बॉम्बी टेनिसच्या चेंडूएवढी असते. म्हणून तर मुलं ती उचलतात. शोधपथकं शेतात दोऱ्या लावून पट्टे आखतात आणि मेटल डिटेक्टर फिरवतात. यंत्र वाजलं की खरं काम सुरू होतं. पथकातली बाई (पथकांत बायका पुष्कळ) गुडघे टेकते आणि माती अगदी बेताबेताने बाजूला सारते. बहुतेक वेळा हाती लागतो खिळा नाहीतर गंजका छर्रा. तरी पुढचा आवाज बॉम्बीचाच, असं धरूनच पुन्हा वाकायचं. या कामात चपळाईला काडीची किंमत नाही. सापडलेली बॉम्बी सहसा जागीच उडवतात, आणि मग कुठे ती जमीन निर्धास्तपणे कसता येते.

लाओसच्या गरिबीचं एक मूळ या बॉम्बींत आहे असं म्हटलं, की आक्षेप येतो: बॉम्ब व्हिएतनामवरही पडले, मग तो देश कसा पुढे गेला? आक्षेप रास्त आहे. लाओसला समुद्र नाही, बाजारपेठ लहान आहे, १९७५पासून एकाच पक्षाची सत्ता आहे आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर आहे. या सगळ्याचा वाटा मोठा आहे. पण व्हिएतनामला बंदरं होती, कारखाने आले. डोंगराळ लाओसमधल्या शेतकऱ्याला जमिनीवाचून दुसरा आधार नाही. तिथे कुदळ खोल घालायची तर जिवाची जोखीम. शाळेचा पाया खणण्याआधीही जमीन तपासून घ्यावी लागते. २०१६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी लाओसमध्ये येऊन या कामासाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर जाहीर केले. आठ कोटी बॉम्बींमागे नऊ कोटी, म्हणजे एकीमागे सव्वा डॉलरही नाही. याला मदत म्हणणं सौजन्याचं झालं. ज्याने घाण केली त्याने भरलेला तो थकबाकीचा एक हप्ता होता, आणि लाओसच्या गरिबीचा हिशेब मांडताना तो त्याच खात्यात लिहायला हवा.