खांबावरील रोहित्र : क्षमता कशी ठरते?

सुरतेत मुख्यालय असलेली दक्षिण गुजरात वीज कंपनी उसाच्या शेतांनाही वीज पुरवते. अशा भागात खांबावरील रोहित्र निवडताना केवळ पंप मोजून भागत नाही.

गुजरातेत २००३ साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेने शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या. शेतीला ठरावीक तासच वीज मिळत असल्याने ती येताच बहुतेक पंप एकदम सुरू होतात. घरांतील सर्व उपकरणे मात्र एकाच वेळी चालत नाहीत. म्हणून गावठाणाला जोडभारापेक्षा लहान रोहित्र पुरते. शेतीला ही सवलत नाही.

पाच अश्वशक्तीचे १० पंप म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. मोटारींची कार्यक्षमता ८५ टक्के व शक्तिगुणक ०.८ धरल्यास मागणी ५५ केव्हीए होते. येथे ६३ केव्हीएचे प्रमाणित रोहित्र योग्य ठरते. पण कोणी नोंद न करता आणखी दोन पंप जोडले, तर मागणी ६६ वर जाते. तेल तापते, वेटोळ्यांचे विद्युतरोधन झिजते आणि एके दिवशी रोहित्र जळून सर्वांचीच शेते कोरडी राहतात.

मग थेट १०० केव्हीएचे का बसवू नये? कारण गाभ्यातील हानी भार नसतानाही, वाहिनीत वीज असेतो चालूच राहते आणि मोठ्या रोहित्रात ती अधिक असते.

गोव्यात यात खाऱ्या हवेची भर पडते. किनारपट्टीवर टाकीचा गंजरोधक रंग व इन्सुलेटरची स्वच्छता तितकीच महत्त्वाची. ग्राहकाने मात्र आपला भार प्रामाणिकपणे नोंदवावा. अचूक निवडीची सुरुवात तेथूनच होते.