पाण्याचा हिशेब तीस वर्षांचा

मराठवाड्यात लग्नाची तारीख काढताना पंचांगाबरोबर नळाची पाळीही बघावी लागते. विनोद म्हणून हसाल. पण नळ येणार त्या दिवशी ज्या मुलीची शाळा बुडते, तिला हसू येत नाही.

शहराला पाणी द्यायचे म्हणजे धरण बांधायचे, असा आपला समज. पण धरण हा नुसता रांजण. त्यातले पाणी शेवटच्या घरातल्या तांब्यापर्यंत नेणे, हे खरे नियोजन.

आपल्या परभणीचेच बघा. शहर पूर्णेवरच्या राहटी बंधाऱ्याचे पाणी पीत होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ७ हजारांवर गेली. राहटी अपुरे पडले, तेव्हा त्याच नदीवरच्या, जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाकडे वळावे लागले. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड. तो धरला तर ३ लाख ७ हजार लोकांना रोज ४ कोटी १४ लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी हवे. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१ कोटी घनमीटर. भरलेल्या धरणाचा पन्नासावा हिस्सासुद्धा नव्हे!

मग अडते कुठे? एक तर धरण दरसाल भरत नाही. भरले तरी त्यावर शेतीचा आणि इतर गावांचाही हक्क असतो. उन्हाची वाफ वेगळीच. म्हणून पिण्याचा वाटा आधी राखून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण जमिनीखाली आहे. जलवाहिनी आजची डोकी मोजून टाकत नाहीत; तीस वर्षांनी किती माणसे असतील, त्याचा अंदाज बांधतात. पंप मात्र साधारण पंधरा वर्षांचे धरतात. नव्या वसाहती नकाशाबाहेर वाढल्या, की जुन्या नळाचा दाब पडतो. मग घरोघरी मोटारी लागतात आणि टोकाच्या घराला थेंबही मिळत नाही. पाणी आठ-आठ दिवसांनी सोडले, की रिकाम्या नळात फुटक्या जागेतून गटाराची घाण शिरते. नवे पाणी आले म्हणून आपण साठवलेले 'शिळे' पाणी ओतून देतो. टंचाईतच नासाडी होते, ती अशी.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले. पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणी. लातूरची २०११ ची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार. म्हणजे माणशी साडेसहा लिटर. दोन कळशासुद्धा नाहीत. धावपळीने तहान भागते, शहर चालत नाही.

म्हणून मत मागायला कुणी दारी आला, तर 'धरण कधी?' एवढेच विचारू नका. गळती किती, मीटर कुठे, आमच्या वस्तीची टाकी किती उंच, हेही विचारा. तीस वर्षांनी नळ उघडणारी माणसे आज पाळण्यात आहेत. त्यांच्या वतीने विचारणारे आपणच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)