विश्लेषण : ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही... पंडिता रमाबाईंना असे का वाटले?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ हा ख्रिस्ती समाजात पश्चात्तापाचा काळ मानला जातो. कपाळावर राख लावली जाते, उपवास होतात, प्रार्थना वाढतात. पण उपवास करणाऱ्याला उपवासाचाच अभिमान वाटू लागला तर? महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत थेट भिडल्या त्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र खरा पालट त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाला, असे त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात म्हटले आहे. तोपर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

बायबल काय सांगते?

या विषयाचा मूळ दाखला लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपले उपवास आणि दशांश मोजून दाखवतो. आपण त्या जकातदारासारखे नाही, याबद्दल देवाचे आभारही मानतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहण्याचेही धाडस करत नाही, फक्त दया मागतो. येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. परूशी खोटे बोलत नव्हता, हे इथे विसरले जाते. त्याचे उपवास खरेच होते. आणि ही गोष्ट ऐकून ‘बरे झाले, आपण त्या परूश्यासारखे नाही’ असे ज्याला वाटते, तो नकळत त्याचीच प्रार्थना म्हणत असतो.

नव्या करारात पश्चात्तापासाठी ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा रोख मन पालटण्याकडे आहे, नुसत्या हळहळीकडे नाही. कॅथलिक परंपरेत मनापासून खेद, धर्मगुरूपुढे पापांची कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई अशी त्याची अंगे सांगितली जातात. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रबंध मांडले. त्यातला पहिलाच मुद्दा पश्चात्ताप ही आयुष्यभराची गोष्ट असल्याचा होता.

रमाबाईंवर गर्वाचा आरोप कोणी केला?

त्यांच्या धर्ममातेनेच. वाँटेज येथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पण बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत दोघींच्या पत्रांत खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटत नव्हता आणि तसे त्या उघड लिहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्याला कळणारी संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. अंडी घातलेले पदार्थ त्या खात नसत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावरही वाद झाला आणि मुंबईच्या बिशपांनी विरोधी मत कळवले. या सगळ्याचा अर्थ जेराल्डिन यांनी एकच लावला : रमाबाईंमध्ये नम्रता नाही, जातीचा आणि विद्येचा ताठा गेलेला नाही.

रमाबाईंचे उत्तर ठाम होते. देवापुढे झुकणे वेगळे आणि बिशपांच्या प्रत्येक शब्दापुढे झुकणे वेगळे. विवेकबुद्धी देवाने दिली आहे, ती दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला हा पत्रव्यवहार आज वाचला, तर गर्वाचा आरोप करणाऱ्यांचाच सूर जास्त खटकतो. सत्ता ज्याच्या हाती असते, त्याला समोरच्याचा प्रश्न उद्धटपणा वाटतो. आज्ञाधारकपणाला पश्चात्ताप समजण्याची ही चूक केवळ इंग्लंडमधल्या चर्चची नव्हती.

मग आठ वर्षांनी काय घडले?

१८८९ मध्ये रमाबाई भारतात परतल्या. त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला हलवले. काम मोठे होते, नाव त्याहून मोठे. तरीही आत काहीतरी कमी आहे, असे त्यांना जाणवत होते. याच काळात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅसलम अनेक वर्षे चर्चमध्ये पाद्री होते. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधील बॉल्डू गावी परूश्यांवर प्रवचन देताना, आपणही त्यांच्याहून वेगळे नाही, हे त्यांना व्यासपीठावरच उमगले. पाद्रीच स्वतःच्या प्रवचनाने पालटला!

रमाबाईंना यात स्वतःचा चेहरा दिसला. बुद्धीने धर्म पटला होता, पण देवाकडे जाताना हातात काही पुण्याई असावी ही धारणा सुटली नव्हती. त्यांच्या लहानपणाकडे पाहिले, तर याचे वजन कळते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत फिरले. दुष्काळात आईवडील गेले. एवढी साधना करूनही हाती काही लागले नाही, याचा सल त्यांना होता. बाप्तिस्मा आणि समाजसेवा हीसुद्धा तशीच नवी साधना होऊ शकते, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले. जेराल्डिन यांना हवी होती ती नम्रता ही नव्हे. बिशपांपुढे ताठ असलेल्या रमाबाई इथे मात्र आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही, हे मान्य करतात.

१९०५ मध्ये मुक्तीमध्ये काय झाले?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तोवर दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बायका राहत होत्या. वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या आणि त्या वर्षाच्या सुरुवातीपासून इथेही प्रार्थनेचे गट सुरू झाले. जूनअखेरीस मुली मोठ्याने रडत पापांची कबुली देऊ लागल्या. रमाबाई शांतपणे बायबल समजावत असताना सगळ्या जणी एकदम प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले, असे त्या वेळच्या वृत्तांतात आहे.

हा गोंगाट अनेक मिशनऱ्यांना पसंत पडला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली : भारतीय माणसाने पाश्चात्त्यांच्याच पद्धतीने भक्ती का करावी? मात्र अश्रूंची एक अडचण असते. पुढे त्यांचाही अभिमान वाटू लागतो. जी जास्त रडली, ती जास्त पवित्र. म्हणून पश्चात्तापाची कसोटी प्रार्थनेच्या खोलीत लागत नाही, रोजच्या वागण्यात लागते.

टिळक दांपत्याचा अनुभव वेगळा कसा?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दोन दशके अमेरिकन मराठी मिशनचे काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. चर्चच्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे शिष्य असणे नव्हे, हा त्यामागचा विचार. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंची वाट तर रमाबाईंच्या नेमकी उलट. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्या सोवळे कसोशीने पाळत होत्या. मग एके दिवशी जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात सुरू झाला आणि ती माणसानेच केली, असा निर्वाळा त्यांनी स्वतःलाच दिला. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सांगितले आहे. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० मध्ये.