मुंबईच्या नांवाचें रक्त

शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या ओळखपत्रावर हल्लीं नांव, पत्ता आणि इयत्ता यांच्या जोडीला रक्तगटही लिहिलेला असतो. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथून रोज मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्याच्या खिशांतील कार्डावरही तो असतो. ए, बी, एबी अथवा ओ, आणि पुढें अधिक किंवा उणें हें चिन्ह; एवढ्या खुणेवर संकटाच्या वेळीं माणसाचा जीव सोंपविला जातो, आणि तो विश्वास बहुधा खरा ठरतो. परंतु आपल्याकडे सुमारें दहा हजारांत एक माणूस असा निघतो कीं, त्याच्या कार्डावर 'ओ' लिहिलेलें असतांही त्याला 'ओ' रक्त दिलें तर तो दगावण्याचा संभव असतो. असें रक्त प्रथम ओळखलें गेलें तें मुंबईंत, आणि म्हणून जगांतील वैद्यकीय ग्रंथांत त्याला मुंबईचें नांव मिळालें आहे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांच्यापुढें दोन रोग्यांचें रक्त तपासण्यासाठीं आलें. एक रेल्वेच्या अपघातांत सांपडलेला, दुसरा सुऱ्यानें भोसकला गेलेला. दोघांच्याही तांबड्या पेशींवर ए नव्हतें, बी नव्हतें; अर्थात् गट ओ असावा. पण त्यांच्या रक्तरसांत ओ गटाच्या पेशी मिसळल्या कीं त्यांच्या गुठळ्या होत. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचेंच रक्त चालूं नये, ही गोष्ट त्या वेळच्या कोणत्याही नियमांत बसणारी नव्हती. लंडनचे रेस, रूथ सँगर, मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांनींही या कोड्यांत भाग घेतला, आणि १९५२ सालीं या सर्वांच्या नांवें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत तो शोध प्रसिद्ध झाला. पुढें १९९५ सालीं शहराचें इंग्रजी नांव बदललें. रक्तगटाला मात्र शास्त्रज्ञ अद्याप 'बॉम्बे'च म्हणतात.

हें कोडें उलगडण्यासाठीं रक्तगट म्हणजे काय तें प्रथम पाहिलें पाहिजे. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें कीं, माणसांचें रक्त एकजात नसतें. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या रेणूंच्या लहान लहान सांखळ्या असतात, आणि गटागटांतील भेद या सांखळीच्या टोंकाशीं असतो. घर बांधतांना आधीं जोतें घालतात व त्यावर मजला चढवितात, तसाच येथें प्रकार आहे. सांखळीला फ्यूकोज नांवाची शर्करा जोडली कीं 'एच' नांवाचें द्रव्य तयार होतें, हें जोतें. ए गटाच्या माणसांत त्यावर एक शर्करा बसते, बी गटाच्या माणसांत दुसरी, एबींत दोन्ही. ओ गटांत मजला चढतच नाहीं, नुसतें जोतें राहतें. मुंबई रक्तगटाच्या माणसांत जोतेंच नसतें. त्याच्या अंगीं ए किंवा बी चढविणारा गवंडी असला तरी तो बांधणार कशावर? तो रिकामा बसून राहतो, आणि वरवर पाहणाऱ्याला तें रक्त ओ वाटतें.

हे गवंडी म्हणजेच जनुकांच्या हुकुमानें घडणारीं विकरें होत. ए, बी, ओ यांचें जनुक नवव्या गुणसूत्रावर असतें, तर जोतें घालणारें जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. त्याला एफयूटी-१ असें नांव आहे. भारतांतील पुष्कळ मुंबई-रक्ताच्या माणसांत या जनुकाच्या ७२५ व्या जागीं एक अक्षर बदललेलें आढळतें. तेवढ्यानें विकर निकामी होतें. प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. एक प्रत चांगली असली तरी काम भागतें. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच जोतें राहतें, म्हणून हा दोष मेंडेलच्या वाटाण्यांतील ठेंगणेपणाप्रमाणें पिढ्यान् पिढ्या लपून राहूं शकतो. आईबाप दोघेही अशी एकेक प्रत बाळगणारे असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हें रक्त मिळण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल ज्या कुटुंबांत आहे, तेथें एकाच आजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनीं येऊन भेटण्याची शक्यता वाढते.

एका जनुकानें दुसऱ्याचा गुण झांकून टाकण्याचा हा प्रकार कौटुंबिक दृष्टीनेंही नाजूक आहे. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं इटालियन वंशाच्या एका कुटुंबांतील अशी स्त्री अभ्यासली. तिचें रक्त ओसारखें दिसे, पण मुलीचें एबी होतें. शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या नियमानें ओ गटाच्या आईला एबी मूल होऊंच शकत नाहीं. खरें पाहतां आईजवळ बीचें जनुक होतें. फक्त तें झांकलेलें होतें. वडिलांकडून चांगली एच प्रत मिळतांच मुलींत तें प्रकट झालें. रक्तगटाच्या दोन अक्षरांवरून कोणाच्या पितृत्वाविषयीं वा चारित्र्याविषयीं शंका घेणारांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

एक प्रश्न उरतो. ज्यानें जन्मांत दुसऱ्याचें रक्त घेतलेलें नाहीं, त्याच्या रक्तरसांत परक्या रक्ताविरुद्धचीं प्रतिपिंडें येतात कोठून? याचें उत्तर सूक्ष्मजीवांच्या जगांत सांपडतें. आपल्या आंतड्यांत वस्ती करणाऱ्या कांहीं जीवाणूंच्या अंगावर ए, बी व एच यांच्याशीं मिळत्याजुळत्या शर्करा असतात. तान्ह्या मुलाच्या शरीरांत स्वतःचीं अशीं प्रतिपिंडें नसतात. जीवाणूंची वस्ती वाढली कीं पहिल्या वर्षांत तीं तयार होऊं लागतात. शरीर स्वतःजवळ असलेल्या शर्करेला आपली मानतें आणि नसलेलीला परकी. १९५९ सालीं स्प्रिंगर यांनीं कोंबडीचीं पिल्लें जंतुविरहित जागेंत वाढविलीं, तेव्हां त्यांच्यांत बीविरुद्ध प्रतिपिंडें आलीं नाहींत. बीसारखी शर्करा बाळगणारे जीवाणू पोटांत जातांच तीं आलीं. मुंबई रक्तगटाच्या माणसाला तर एचही परकें. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत अधिक असतें. म्हणून सर्वांना चालणारें म्हणून ज्याची ख्याति, तें ओ रक्त या माणसाच्या अंगांत गेलें कीं आलेल्या पेशी झपाट्यानें फुटूं लागतात व मूत्रपिंडें बंद पडण्याची भीति असते.

ही चूक टाळणें कठीण नाहीं. नुसत्या पेशी तपासल्या तर उत्तर ओ असेंच येतें. रोग्याचा रक्तरस घेऊन त्यांत ओ गटाच्या पेशी मिसळून पाहाव्या. गुठळ्या झाल्या तर थांबावें. युरोपांतील युलेक्स नांवाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच असलेल्या पेशींना चिकटवितो, मुंबई रक्ताला चिकटवीत नाहीं. त्यानें निदान बळकट होतें. रक्त देण्यापूर्वीं देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें रक्त एकमेकांशीं जुळवून पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यांतही हा भेद उघडा पडतो. घाईच्या वेळीं ही पायरी गाळली गेली, तरच घात होतो.

२०११ सालच्या जनगणनेंत ठाणें शहराची वस्ती सुमारें १८ लाख ४१ हजार व कल्याण-डोंबिवलीची सुमारें १२ लाख ४७ हजार होती. दहा हजारांत एक या हिशेबानें दोहोंत मिळून तीनशेंच्या आसपास अशीं माणसें असावींत. लपलेली एक प्रत बाळगणारे ढोबळ गणितानें पन्नासांत एक. म्हणजे सकाळच्या लोकलमध्यें चार हजार माणसें असतील तर त्यांत ऐंशी. जातींजातींत लग्नें होत असल्यानें ही वांटणी सर्वत्र सारखी नसते, हें ध्यानीं ठेवावें. युरोपांत मात्र हें रक्त दहा लाखांत एक इतकें दुर्मिळ मानतात.

ज्याचें रक्त असें निघालें त्याला रक्त मिळतें तें दुसऱ्या तशाच माणसाचें. प्रथम सख्ख्या भावंडांचें रक्त तपासतात, कारण तेथें चारांत एक हा संभव असतो. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रोग्याचेंच रक्त आगाऊ काढून ठेवतां येतें. साध्या थंडींत तें पांच-सहा आठवडे टिकतें, आणि ग्लिसरीन घालून उणें ६५ अंशांखालीं गोठविलें तर दहा वर्षें. कार्डावर अशा माणसानें 'ओ' न लिहितां 'बॉम्बे' असें पुरतें लिहून घ्यावें, आणि आपलें नांव जवळच्या रक्तपेढींत दुर्मिळ रक्तदाता म्हणून नोंदवून ठेवावें.