दोन कर्जत आणि एक सोपा प्रश्न

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. मालाच्या पार्सलवर केवळ ‘कर्जत’ एवढेच लिहिले, तर तो माल नेमका कोठे उतरवायचा हे पाठवणाऱ्याच्या मनात असते, कागदावर नसते. संकेतस्थळे वापरताना होणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळही हेच असते.

टपाल खात्याने या अडचणीवर १५ ऑगस्ट १९७२ रोजी उपाय योजला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून सहा अंकी पिनकोड अस्तित्वात आला. रायगडचे कर्जत ४१०२०१, तर अहिल्यानगरचे ४१४४०२. आरंभीचे अंक मोठा प्रदेश सांगतात, अखेरचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय. आधी मोठा भेद, मग लहान. सोप्या संकेतस्थळाचीही हीच रीत असते.

सातबारा दाखवणाऱ्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर जिल्हा, मग तालुका व गाव विचारले जाते. ‘रायगड’ निवडताच अहिल्यानगर जिल्ह्यातील दुसरे कर्जत आपोआप दूर होते. मात्र खोपोलीच्या रहिवाशाला आपला तालुका खालापूर आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. तालुक्यांच्या यादीत खोपोली सापडत नाही. नावावरून शोध घेतानाही असेच घडते. नोंद ‘शहा’ अशी आणि शोध ‘शाह’ असा, तर संगणकाच्या लेखी ती दोन निराळी आडनावे. वडिलोपार्जित जमिनीची नोंदच नाही, या शंकेने घर चिंतेत पडते आणि दोष असतो एका कान्याच्या जागेचा. गट क्रमांक हाताशी असल्यास तोच मार्ग अधिक खात्रीचा. विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीपुरता असतो. कायदेशीर कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. दिसायला सारख्या असणाऱ्या गोष्टींमधील असा भेद पृष्ठावर ठळकपणे सांगितलेला असावा.

आता अनेक पेढ्या आपले स्वतःचे संकेतस्थळ उभारतात. तेथे आधी पिनकोड विचारावा आणि तालुका व जिल्हा संगणकाने भरावेत. वाहतूक खर्चासह एकूण रक्कम पैसे भरण्यापूर्वीच दाखवावी. ग्राहकाचा एक रकाना चुकला, तर नेमका तोच दाखवावा आणि बाकीची माहिती तशीच राहू द्यावी. एक आकडा चुकला म्हणून मुनीम अख्खे पान फाडत नाही.

संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हाती ते द्यावे आणि शेजारी बसून, काहीही न सांगता पाहावे. ज्या ठिकाणी त्यांचे बोट थबकते, तेथे दुरुस्ती पृष्ठाची करावयाची असते. त्या व्यक्तीची नव्हे.