नाव, अंतर आणि वेतन : स्त्रियांच्या व्यावसायिक सायकल-शर्यतींची घडण

१

१९२४ साली इटलीतील ‘जीरो दितालिया’ ह्या देशव्यापी सायकल-शर्यतीच्या स्पर्धकांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत ‘आल्फोन्सिन स्त्रादा’ असे एक नाव होते. इटालियन भाषेत व्यक्तिनामाच्या अंती येणारा ‘आ’ हा सामान्यतः स्त्रीलिंगाचा आणि ‘ओ’ हा पुल्लिंगाचा निदर्शक असतो. ह्या नावाच्या अंती दोहोंपैकी एकही स्वर नव्हता. त्यामुळे स्पर्धक पुरुष आहे की स्त्री, हे केवळ यादी वाचून ठरविता येत नव्हते. वस्तुतः स्पर्धक स्त्री होती व तिचे नाव आल्फोन्सिना होते. ‘स्त्रादा’ हे तिचे विवाहानंतरचे आडनाव. योगायोग असा, की इटालियन भाषेत ह्या शब्दाचा अर्थच ‘रस्ता’ असा आहे.

आल्फोन्सिना स्त्रादा (१८९१–१९५९) हिने १९१७ व १९१८ साली लोंबार्दीची शर्यत पुरुषांबरोबर पूर्ण केलेली होती. १९२४ साली नामवंत पुरुष सायकलपटू मानधनाच्या वादामुळे ‘जीरो’पासून दूर राहिले आणि संयोजकांना वाचकांचे कुतूहल जागे ठेवणाऱ्या स्पर्धकाची निकड भासली, ह्या निकडीतूनच तिला प्रवेश मिळाला. एकूण बारा टप्पे व ३,६१३ किलोमीटर अंतर असलेल्या त्या शर्यतीत नव्वद जण निघाले. लाक्विला ते पेरुजा ह्या आठव्या टप्प्यात तिच्या सायकलीचे हँडल मोडले. झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून तिने टप्पा पुरा केला. परंतु ठरलेली कालमर्यादा टळून गेली होती. संयोजकांनी तिला पुढे जाण्याची मुभा दिली, तथापि क्रमवारीतून तिचे नाव काढून टाकले. ती मिलानपर्यंत पोहोचली. अधिकृत क्रमवारीत शेवटी केवळ तीस नावे राहिली आणि त्यांत तिचे नाव नाही. पुढील वर्षी तिला ह्या शर्यतीत प्रवेशच नाकारण्यात आला.

स्त्रियांच्या सायकल-शर्यतींच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाचे सूत्र ह्या एका घटनेत सापडते. स्त्रिया लांब पल्ल्याची सायकल चालवू शकतात की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर फार पूर्वीच मिळालेले होते. त्यांच्या चालविण्याची गणना कोठे व कोणत्या नावाने करावयाची, किती अंतरापर्यंत करावयाची आणि तिचे मोल काय समजावयाचे, हे प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिले. नाव, अंतर व वेतन ह्या तीन अंगांनी ह्या इतिहासाचा विचार करणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

२

तत्पूर्वी व्यावसायिक सायकल-शर्यतीचे स्वरूप थोडक्यात लक्षात घेतले पाहिजे. पाहणाऱ्यास ही शर्यत व्यक्तिगत वाटते, कारण विजेता म्हणून एकाच व्यक्तीचे नाव पुकारले जाते. प्रत्यक्षात ती संघाची स्पर्धा असते आणि ह्याचे कारण हवेच्या प्रतिरोधात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा प्रतिरोध चौपट होतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. जो दुसऱ्याच्या मागे अगदी लगटून चालवितो, त्याच्या श्रमात मोठी बचत होते.

ह्यामुळे संघात श्रमविभाग अपरिहार्य होतो. काही सायकलपटू आपल्या प्रमुखासाठी तासन् तास वाऱ्यास तोंड देतात, मागे येणाऱ्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून पुरवितात, प्रसंगी आपले चाक काढून त्याला देतात आणि शक्ती संपली की निमूटपणे मागे पडतात. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक टप्प्याची वेळ मिळविली जाते आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो विजेता ठरतो. सहायकास मात्र विजयही मिळत नाही व कीर्तीही मिळत नाही; त्याच्या श्रमाचा मोबदला म्हणजे त्याचे वेतन. ज्या शर्यतीत वेतनच नाही, तेथे एकाने दुसऱ्यासाठी झिजावे ही अपेक्षा केवळ मैत्रीवर अवलंबून राहते. व्यावसायिकत्व हे ह्या खेळाला वरून जोडलेले भूषण नसून त्याच्या डावपेचांचा पायाच आहे. वेतनाचा प्रश्न ह्या खेळात इतका महत्त्वाचा का ठरतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

३

प्रथम अंतराचा विचार करू. आंतरराष्ट्रीय सायकल संघटना १९०० साली स्थापन झाली. व्यावसायिक पुरुषांची रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. स्त्रियांची स्पर्धा सुरू होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील रेंस येथे झालेली ही पहिली स्पर्धा लक्झेंबर्गच्या एल्सी याकोब्स हिने जिंकली. त्याच वर्षी मिलान येथे तिने एका तासात ४१.३४७ किलोमीटर अंतर कापले आणि तिचा हा विक्रम १९७२ पर्यंत अबाधित राहिला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरील शर्यत १८९६ च्या पहिल्याच स्पर्धेत झाली होती. स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला तो १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. त्या शर्यतीत अमेरिकेची कॉनी कार्पेंटर-फिनी विजयी झाली.

स्त्रियांच्या शर्यतींचे अंतर नियमाने मर्यादित ठेवण्यामागे त्यांची सहनशक्ती अल्प असते हे गृहीतक होते. त्याला सर्वांत ठाशीव उत्तर मिळाले ते इंग्लंडमध्ये. यॉर्कशरमधील एका शेतावर अंगमेहनतीचे काम करणारी बेरिल बर्टन ही आयुष्यभर हौशी सायकलपटूच राहिली. रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद तिने १९६० व १९६७ असे दोन वेळा मिळविले. १९६७ च्या सप्टेंबरात झालेल्या बारा तासांच्या स्पर्धेत ती पुरुषांच्या मागून निघाली होती. अशा स्पर्धेत प्रत्येक जण ठरावीक अंतराने एकट्याने निघतो आणि दुसऱ्याच्या आडोशाचा लाभ कोणालाच घेता येत नाही. ह्या स्पर्धेत तिने एकामागून एक पुरुषांना गाठले आणि अखेर सर्वांत पुढे असलेल्या माइक मॅक्नमारालाही मागे टाकले. ओलांडून जाताना तिने त्याला आपल्याजवळची ज्येष्ठमधाची गोळी देऊ केली व त्याने ती घेतली, ही हकीकत सायकलपटूंमध्ये आजही सांगितली जाते. त्या दिवशी मॅक्नमाराने पुरुषांचा नवा विक्रम केला. परंतु बर्टनचे अंतर २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, भरले आणि ते त्याच्याहून अधिक होते. पुरुषांना हा आकडा ओलांडण्यास दोन वर्षे लागली आणि स्त्रियांमध्ये तो पन्नास वर्षे टिकला.

एवढा पुरावा समोर असूनही नियम सावकाशच बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची शर्यत सुमारे २७३ किलोमीटरची, तर स्त्रियांची सुमारे १५८ किलोमीटरची होती. कमी अंतराची शर्यत अधिक चुरशीची होते, असे तिचे समर्थन कित्येकदा केले जाते आणि त्यात तथ्यही असू शकेल. मात्र हा युक्तिवाद पुरुषांच्या शर्यतीस लावला जात नाही, हे दृष्टीआड करता येत नाही.

४

नावाचा इतिहास अंतराच्या इतिहासाहून अधिक उद्बोधक आहे. १९५५ साली ज्याँ ल्युलियो ह्याने स्त्रियांसाठी फ्रान्समध्ये पाच टप्प्यांची शर्यत भरविली आणि ती आइल ऑफ मॅनच्या मिली रॉबिन्सन हिने जिंकली. ही शर्यत पुढील वर्षी झाली नाही. त्यानंतर १९८४ साली ‘टूर द फ्रान्स’च्या संयोजकांनीच ‘टूर द फ्रान्स फेमिनँ’ ही अठरा टप्प्यांची शर्यत सुरू केली. पुरुषांच्या त्या दिवशीच्या मार्गाचा अखेरचा भाग स्त्रिया काही तास आधी कापीत आणि रस्त्याच्या कडेला पुरुषांची वाट पाहत थांबलेली गर्दी त्यांनाही पाही. छत्तीस स्पर्धकांत अमेरिकेची मारियान मार्टिन पहिली आली. पुढे इटलीच्या मारिया कानिन्स हिने दोनदा व फ्रान्सच्या जानी लोंगो हिने तीनदा विजय मिळविला. १९८९ नंतर ह्या नावाची शर्यत बंद पडली.

१९९० नंतरच्या दशकात दुसऱ्या एका संयोजकाने स्त्रियांसाठी ‘टूर सिक्लिस्त फेमिनँ’ ह्या नावाने फ्रान्सभर शर्यत चालविली. हे नाव आपल्या व्यापारचिन्हाचा भंग करते, अशी हरकत मूळ ‘टूर’च्या संयोजकांनी १९९८ च्या सुमारास घेतली, तेव्हा ते बदलून ‘ग्रांद बूक्ल फेमिनीन’ असे करावे लागले. ‘ग्रांद बूक्ल’ म्हणजे ‘मोठा वळसा’. तेही मूळ ‘टूर’चेच एक लोकप्रिय टोपणनाव आहे. शर्यत तीच, रस्ते तेच, सायकलपटूही त्याच; परंतु ज्या शब्दाने जगाला ती ओळखू आली असती, तो शब्द काढून घेण्यात आला. ती क्षीण होत गेली आणि २००९ साली केवळ चार दिवसांची होऊन संपली. तिच्या ऱ्हासास अर्थसाहाय्याचा अभाव हे मोठे कारण होते. परंतु परिचित नावाविना अर्थसाहाय्य मिळविणे कठीण असते, हेही तितकेच खरे.

२०१३ साली मारियान फॉस, एमा पूली, कॅथरिन बर्टाइन व क्रिसी वेलिंग्टन ह्या चौघींनी स्त्रियांसाठी ‘टूर’ पुन्हा सुरू व्हावा म्हणून सह्यांचे निवेदन काढले. त्याचा परिणाम म्हणून २०१४ साली पॅरिसमध्ये ‘ला कूर्स’ नावाची एका दिवसाची शर्यत झाली आणि ती फॉसनेच जिंकली. पूर्ण शर्यतीस २०२२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी २४ जुलै रोजी आयफेल मनोऱ्यापासून ‘टूर द फ्रान्स फाम’ सुरू झाली. तीत चोवीस संघांतील १४४ स्पर्धक होत्या आणि आठ टप्प्यांच्या अंती नेदरलंड्सची आनेमीक फान फ्ल्यूटेन विजयी झाली. २०२४ साली पोलंडची कातार्झिना न्येवियादोमा आणि नेदरलंड्सची डेमी फोलरिंग ह्यांच्यात आल्प द्युएझच्या माथ्यावर अवघ्या चार सेकंदांचे अंतर उरले. २०२५ साली नऊ टप्प्यांची शर्यत फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो हिने जिंकली.

येथे एक भाषिक बाब नोंदविण्याजोगी आहे. ‘टूर द फ्रान्स’ एवढेच म्हटले असता पुरुषांची शर्यत समजली जाते. स्त्रियांच्या शर्यतीस मात्र ‘फाम’, म्हणजे ‘स्त्रिया’, हे पद जोडावे लागते. भाषाशास्त्रात पहिल्या प्रकारच्या रूपास अचिन्हित व दुसऱ्यास चिन्हित म्हणतात. मराठीतही ह्याचा प्रत्यय येतो. ‘सायकलपटू’ हा शब्द दोन्ही लिंगी चालतो. लिंग कळते ते ‘सायकलपटू आला’ किंवा ‘सायकलपटू आली’ ह्या क्रियापदावरून. व्याकरणाने एवढी सोय करून ठेवलेली असताही वृत्तपत्रे ‘महिला सायकलपटू’ असे लिहितात, ‘पुरुष सायकलपटू’ असे क्वचितच लिहितात. भाषेला जो भेद करण्याची गरज नव्हती, तो व्यवहाराने तिच्यावर लादलेला आहे.

५

राहिला प्रश्न वेतनाचा. १९८४ च्या विजयाबद्दल मारियान मार्टिनला सुमारे एक हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षीचा पुरुषविजेता लोराँ फिन्यों ह्याचे पारितोषिक एक लाख डॉलरांहून अधिक होते. ‘पारी-रूबे’ ही दगडी फरसबंदीच्या खडतर रस्त्यांवरून जाणारी शर्यत १८९६ पासून चालत आलेली आहे. स्त्रियांसाठी ती प्रथम झाली २ ऑक्टोबर २०२१ रोजी. ब्रिटनच्या लिझी डेग्ननने शेवटचे सुमारे ऐंशी किलोमीटर एकटीने चालवून ती जिंकली. हातमोजे न घातल्यामुळे अखेरीस तिच्या हँडलवर रक्ताचे डाग होते. तिचे पारितोषिक १,५३५ युरो होते, पुरुषविजेत्याचे ३०,०००. मधली तफावत तिच्या संघाने स्वतःच्या पैशातून भरून काढली.

पारितोषिकापेक्षाही महत्त्वाचे असते ते नियमित वेतन, कारण वर वर्णिलेल्या सहायक सायकलपटूंचा निर्वाह त्यावरच चालतो. स्त्रियांच्या सर्वोच्च श्रेणीच्या संघांना किमान वेतनाचे बंधन लागू झाले ते २०२० साली, आणि तेव्हा ही रक्कम वर्षाला १५,००० युरो होती. त्यासोबत प्रसूतिरजेची तरतूदही आली. ह्या सुधारणांमागे २०१७ साली स्थापन झालेल्या ‘सायक्लिस्ट्स अलायन्स’ ह्या स्त्री-सायकलपटूंच्या संघटनेचे प्रयत्नही होते. २०२३ पर्यंत किमान वेतन ३२,१०२ युरोंवर, म्हणजे पुरुषांच्या द्वितीय श्रेणीच्या संघांतील किमान वेतनाइतके, आले. तथापि ही तरतूद सर्वोच्च श्रेणीपुरतीच होती. तिच्याखालच्या संघांत नोकरी सांभाळून शर्यती करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांना ‘व्यावसायिक’ म्हणावे की नाही, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

सारांश, स्त्रियांच्या सायकल-शर्यतीत गेल्या शंभर वर्षांत जे बदलले ते मुख्यतः शरीराचे सामर्थ्य नव्हे. आल्फोन्सिना स्त्रादा मिलानला पोहोचली होती आणि बेरिल बर्टनने सर्वांना मागे टाकले होते. बदलली ती नोंदवही. १९२४ साली स्पर्धेत शिरण्यासाठी एका स्त्रीच्या नावातील अखेरचा स्वर गळावा लागला. २०२२ साली स्त्रिया स्वतःच्या पूर्ण नावाने, आणि त्या शर्यतीच्याही पूर्ण नावाने, पॅरिसमधून निघाल्या. अंतर व वेतन ह्या बाबतींतील काम अद्याप अपुरे आहे. ते पुरे होईल, तेव्हा कदाचित ‘फाम’ ह्या पदाची आवश्यकता उरणार नाही, किंवा पुरुषांच्या शर्यतीसही तसेच एखादे पद लावावे लागेल.