गाण्यांखालचा आवाज

शिवडीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात माणसं चार आणि व्हीसीआर सात. नवा पाहुणा आला की आधी त्या थप्पीकडे बघतो आणि विचारतो, ‘दुरुस्तीचं काम करता का?’ माझी बायको सांगते, ‘नाही, हे कविता करतात.’ त्याने पाहुण्याची शंका मिटत नाही, उलट वाढते.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी संबंध दहावीत सुटला. तरीही गेली अठरा-वीस वर्षं मी चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर जुने, पण एके काळचे भारी व्हीसीआर शोधत फिरतो, घरी आणतो, एकाशेजारी एक ठेवून तपासतो. हा छंद नुसता हौसेचा नाही. तो कसा लागला हे सांगायचं तर एका लग्नाच्या कॅसेटपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हिडिओचं वेड आलं. चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन सिनेमे उडवायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी कामावर जायचं, हे ज्यांनी केलं त्यांना मी वेगळं काय सांगू? पडद्यावर मुंग्या आल्या की मशीनवाला पोऱ्या झाकण उघडून हेड पुसायचा आणि आम्ही श्वास रोखून बसायचो. पुढे १९८७ मध्ये माझे मामू कुवेतहून सुट्टीवर आले, ते एक साधा व्हीसीपी घेऊन. कोकणातल्या आमच्या नात्यागोत्यात त्या काळी आखातातून आलेल्या माणसाची ओळख दोन गोष्टींवरून पटायची, अत्तराचा वास आणि खोक्यातला व्हीसीआर.

१९८९ मध्ये खेड तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या आपाचा निकाह झाला. व्हिडिओवाल्याने दोन दिवस शूटिंग केलं आणि महिन्याभराने तीन तासांची कॅसेट हातात ठेवली. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी भरली होती. मेंदीला गाणं, जेवणावळीला गाणं, रुखसतीला रडकं गाणं. माणसं बोलताना दिसायची, ऐकू मात्र काहीच यायचं नाही. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

१९९४ साली अम्मा गेली. तिचे फोटो आहेत, पण ती हलते, चालते, बोलते ते या एकाच कॅसेटमध्ये. पदर सावरत ती मांडवातून येते, कोणाला तरी काही विचारते, हसते. ओठ हलतात आणि वर लता मंगेशकरांचा आवाज. इतक्या वर्षांत अम्माचा आवाज नेमका कसा होता, हेच मला आठवेनासं झालं होतं.

इथे थोडं यंत्राबद्दल. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. सोनीची बीटामॅक्स तिच्या एक वर्ष आधीची, पण घरोघरी पोचली ती व्हीएचएसच. तिची फीत अर्धा इंच रुंद. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्याच्या साध्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. इतक्या मंद फितीवर चित्र मावणं शक्य नाही. म्हणून युक्ती अशी केली, की फीत हळू जाऊ द्यायची आणि हेडच गरगर फिरवायचं. तिरक्या बसवलेल्या गोल ड्रमवर ही हेड असतात आणि तो सेकंदाला २५ फेरे मारतो. प्रत्येक फेरीत फितीवर दोन तिरपे पट्टे उमटतात. पट्ट्याची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. कडबोळ्यावरच्या रेघांसारखे हे पट्टे एकाला एक चिकटून असतात. हेडने पट्टा अचूक पकडला तर चित्र, जरा सरकलं तर मुंग्या.

आवाजाचं तसं नव्हतं. तो फितीच्या कडेला सरळ रेषेत, त्या मंद वेगानेच नोंदवला जायचा, म्हणून दबका आणि खरखरीत यायचा. १९८४ च्या सुमारास व्हीएचएसमध्ये हाय-फाय आवाज आला. त्यासाठी फिरत्या ड्रमवरच आवाजाची वेगळी हेड बसवली. ती आधी फितीच्या चुंबकी थरात खोलवर आवाज लिहितात आणि मग त्याच जागी, वरच्या अंगाला, चित्राची हेड चित्र लिहितात. म्हणजे एकाच जागी खाली आवाज आणि वर चित्र. कडेची जुनी रेषा मात्र कायम राहिली, कारण साध्या मशीनना तीच वाचता येत होती.

आता गंमत बघा. व्हिडिओवाले नंतर गाणी भरायचे ती ‘ऑडिओ डब’चं बटण दाबून. हे बटण फक्त कडेच्या रेषेवरचा आवाज पुसून तिथे नवा भरतं. चित्राखालचा आवाज त्याला पुसताच येत नाही, कारण तो पुसायचा तर चित्रही पुसलं जाईल.

हे सगळं मला नंतर कळलं. २००७ मध्ये चोरबाजारातून मी पॅनासॉनिकचा एक हाय-फाय व्हीसीआर आणला, केवळ आमचा जुना व्हीसीपी बंद पडला म्हणून. आपाची कॅसेट घातली. चित्र आलं, पण गाणी गायब. मला वाटलं, विक्रेत्याने फसवलं. मग लक्षात आलं, की भांड्यांचा आवाज येतोय, कोणाचं तरी पोर रडतंय, मौलवीसाहेब खाकरतायत. आमचा व्हिडिओवाला कॅसेट जोडायला हाय-फाय मशीन वापरत होता, आणि त्याने आम्हाला नक्कल न देता ती मूळ कॅसेटच दिली होती. मांडवातून अम्मा आली आणि बाणकोटी बोलीत तिने विचारलं, पाहुण्यांना पाणी दिलंत का. एवढंच. मी कॅसेट थांबवली आणि आपाला फोन लावला. ती भिवंडीहून त्याच संध्याकाळी आली.

अठरा वर्षं तो आवाज आमच्या कपाटात होता. ऐकवणारं यंत्र घरात नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मी मशीन जमवू लागलो. एस-व्हीएचएस नावाची वरच्या दर्जाची पद्धत १९८७ मध्ये आली. साध्या व्हीएचएसचा तपशील साधारण २४० रेषांचा, तर हिचा ४०० रेषांचा. आता साधी कॅसेट एस-व्हीएचएस मशीनमध्ये घातली म्हणून तिच्यात नसलेल्या रेषा येत नाहीत. पण या वर्गातल्या मशीनचे भाग चांगले असतात, ती रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांनी बाहेर देतात, आणि त्यांतल्या काहींमध्ये ‘टाइम बेस करेक्टर’ असतो. फीत जुनी झाली की ताणते, मोटर किंचित डगमगते, आणि चित्रातली प्रत्येक रेघ थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते. मग दाराची सरळ चौकट पाण्यातल्या काठीसारखी थरथरते. हा करेक्टर रेघा क्षणभर स्मृतीत धरतो आणि ठरल्या ठेक्यावर सोडतो. कवीने मात्रा मोजाव्यात तसं काहीसं.

माझ्याकडच्या दोन मशीनची तुलना सांगतो. पॅनासॉनिक एनव्ही-एफएस२०० चौकट सरळ उभी करतं आणि चित्राचे दाणे तसेच ठेवतं. जेव्हीसी एचआर-एस९६०० मुंग्या अशा साफ करतं, की पहिल्यांदा बघणारा तेच निवडतो. पण नीट बघा, अम्माच्या ओढणीवरची बारीक बुट्टी त्या सफाईत सपाट होते. यंत्राला बुट्टी आणि मुंगी यांतला फरक कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्यातली ‘एडिट’ ही सेटिंग, ती सफाई कमी करते. खराब कॅसेटवर मात्र उलटंही होतं. एक मशीन जिथे हार मानतं तिथे दुसरं, कधी कधी तर अगदी साधंसुद्धा, चित्र धरून ठेवतं. म्हणून एकच सर्वोत्तम मशीन असं काही नसतं. तुलना करताना एकच कॅसेट, तीच दोन मिनिटं आणि तोच टीव्ही ठेवावा. आणि ही परीक्षा लाडक्या कॅसेटवर कधीही घेऊ नये. प्रत्येक फेरीत फीत झिजते.

आणखी एक अडचण आखाती नात्यांची. भारतात आणि कुवेत-दुबईत पाल होती, पण सौदीत तेव्हा सेकाम. जेद्दाहून कोणी पाठवलेली जुनी कॅसेट फक्त पाल चालवणाऱ्या मशीनवर काळी-पांढरी दिसते. लोकांना वाटतं, रंग उडाले. उडालेले नसतात, मल्टी-सिस्टिम मशीन लागतं. अमेरिकेहून आलेल्या एनटीएससी कॅसेटलाही मल्टी-सिस्टिम मशीनच लागतं.

शिवडी खाडीकाठी. फ्लेमिंगोंना इथला चिखल मानवतो, कॅसेटना इथली हवा मानवत नाही. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे असं समजा. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घालू नका. तिची बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. त्यासाठी मी एक भंगारातलं मशीन बळीचा बकरा म्हणून ठेवलंय. कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळून, उभी, कोरड्या डब्यात ठेवावी.

मशीनचंही वय होतंच. रबर कडक होतं, कपॅसिटर सुकतात, हेड झिजतात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी ती शेवटची मोठी कंपनी. आता आहेत ती मशीन एकमेकांचे भाग घेऊनच जगतात. माझ्या सातातली दोन तशीच, बाकीच्यांना अवयव देण्यासाठी ठेवलेली.

तेव्हा माळ्यावर लग्नाची कॅसेट असेल तर ती खाली काढा. कोणाकडे संगणकावर उतरवून घ्यायला देणार असाल तर आधी एवढंच विचारा, मशीन हाय-फाय आहे का, आणि दोन्ही आवाज तपासून बघाल का? उतरवलेली प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कॅसेट टाकू नका. प्रत्येक कॅसेटमध्ये दडलेला आवाज सापडतोच असं नाही. शेजाऱ्यांच्या ज्या कॅसेट मी आजवर लावल्या, त्यांतल्या बहुतेकांत खाली काहीच नव्हतं. तरी ते लावायच्या आधी शांत बसतात, आणि मीही.

सध्या माझ्याकडे पलीकडच्या चाळीतल्या आजींची एक कॅसेट आहे, बुरशी लागलेली. पाऊस सरला की ती साफ करायला घेणार आहे. आजी रोज जिन्यात विचारतात, ‘भाऊ, आमचे हे बोलले का काही?’ मी सांगतो, ‘अजून लावली नाही, आजी. थोडं ऊन पडू दे.’